मिळवलं किती आणि राखलं किती?

कुणी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करता करता ऐकत असेल, कुणी पोह्याचे पापड लाटत असेल, कुणी धाटावच्या कंपनीतून पाळी संपवून घरी येऊन चूल पेटवत असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या. आज आपण आपल्याच जिल्ह्याचा थोडा इतिहास बघू या.

गटाच्या बैठकीत आपण पाच गोष्टी न चुकता बघतो. बैठक वेळेवर झाली का, बचत जमा झाली का, अंतर्गत कर्ज फिरलं का, परतफेड आली का आणि दप्तर लिहिलं का. ही आपली पंचसूत्री. तिच्यावरून गटाची श्रेणी ठरते, बँकेचं कर्ज ठरतं, ग्रामसंघात मान ठरतो. ही पाचही सूत्रं सोन्यासारखी आहेत. पण त्यांत एक प्रश्न कुठेच नाही. "ताई, तू बरी आहेस ना?" शंभर टक्के परतफेड करणारी बाई रात्री झोपते का, पोटभर जेवते का, घरात तिचा शब्द कुणी ऐकतं का, हे दप्तरात कुठल्याच रकान्यात येत नाही.

म्हणजे यश एक, समाधान दुसरं आणि सगळं ठीक असणं तिसरं. ही तिन्ही एकत्र नांदतात का, की एकाला धरलं की दुसरं सुटतं? हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात दोन मुलं जन्मली, आणि दोघांनी या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्या आयुष्यानं दिली. एक पेणचा, एक रोह्याचा.

पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. जग त्यांना पुढे विनोबा म्हणून ओळखू लागलं. त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. त्यांचा जन्म रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा, पण घर रोह्याचं. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. एकाच जिल्ह्यातली, एकाच पिढीतली, दोघंही सुशिक्षित घरांतली, दोघांनाही संस्कृतची गोडी. पण वाटा अगदी वेगळ्या.

आधी रोह्याच्या चिंतामणची गोष्ट. आपण मुलांना परीक्षेच्या वेळी जे जे आशीर्वाद देतो, ते सगळे या मुलाला फळले. १९१२ साली मॅट्रिकला तो मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यानं मिळवली. पुढे इंग्लंडला केंब्रिजला जाऊन त्यानं वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले आणि तिथेही बक्षीस मिळवलं. १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत तो पहिला आला. त्या काळी ही परीक्षा म्हणजे इंग्रज सरकारच्या सर्वांत मोठ्या नोकरीचा दरवाजा. १९४३ साली चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वूड्सला जगातल्या देशांची पैशाच्या व्यवहारावर मोठी परिषद झाली, तिथे भारताच्या बाजूनं ते बसले. १९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ सालच्या पहिल्या निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले.

आता गागोद्याचा विन्या. हो, घरी त्याला विन्याच म्हणत. त्याची आई रुक्मिणीबाई. तिच्या अंगणातली एक गोष्ट विनोबा म्हातारपणीही सांगत. घरच्या झाडाला फणस पिकला की आई गऱ्यांचे द्रोण भरायची आणि पोरांच्या हाती देऊन आधी शेजारपाजारी वाटायला पाठवायची. सगळ्या घरी पोचल्यावर मग आपल्या घरचं खाणं. मैत्रिणींनो, फणस कापायला बसलं की पोरं कशी घोटाळतात ते आपल्याला माहीत आहे. त्या पोरांना आधी दुसऱ्याच्या दारी पाठवणं सोपं नव्हे. विनोबांनी पुढे देशभर जमिनीचं दान मागितलं. त्याचा पहिला धडा गागोद्याच्या फणसाचा होता असं त्यांचं मत होतं.

दुसरी गोष्ट तांदळाची. रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता. रोज एकेक दाणा मोजून वाहायचा. नवऱ्यानं बघितलं आणि हिशोबी उपाय सुचवला. एक तोळा तांदूळ मोज, त्यात दाणे किती ते बघ, मग लाखाचे किती तोळे होतात ते काढ आणि एकदम वजन करून वाहून टाक. थोडे जास्त पडले तरी बिघडत नाही. आईला पटेना, पण उत्तरही सुचेना. तिनं विन्याला विचारलं. मुलानं सांगितलं की हे मोजणं गणितासाठी नाहीच. प्रत्येक दाण्याबरोबर मन देवाजवळ जातं, त्यासाठी ते आहे. वजन केलं तर आकडा पुरा होईल, पण ज्यासाठी मोजत होतीस तेच राहून जाईल.

ही तांदळाची गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. गटात आपण आकडा पुरा करतो तेव्हा ज्यासाठी गट काढला ते पुरं होतंय का, हाच तर प्रश्न आहे.

पुढे भावे कुटुंब बडोद्याला गेलं. विन्या शिकला, गणितात हुशार होता. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस जायचं होतं. त्याआधी एक दिवस आई चुलीजवळ स्वयंपाक करत असताना हा कागदांच्या सुरळ्या करून जाळत बसला. आईनं विचारलं, काय जाळतोस? शाळेची प्रमाणपत्रं. मला त्यांची गरज नाही. आई म्हणाली, आज गरज नसेल, पण ठेवली तर काय बिघडलं? त्याचं उत्तर मुलानं परीक्षेच्या गाडीत बसून दिलं. तो मुंबईला पोचलाच नाही. वाटेत सुरतेला उतरला, तिथून काशीला गेला आणि जून १९१६ मध्ये गांधीजींच्या कोचरबच्या आश्रमात दाखल झाला.

एकानं सगळ्या परीक्षांत पहिला नंबर मिळवला, दुसऱ्यानं परीक्षेचे कागदच जाळले. आता सोपं वाटतं ना? म्हणजे रोह्याचा मुलगा यशस्वी आणि पेणचा मुलगा समाधानी, झालं प्रवचन. पण इतिहास प्रवचनासारखा सरळ नसतो. जरा खाली वाकून बघू.

चिंतामणराव अर्थमंत्री असताना मुंबईचा प्रश्न पेटला. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचा निर्णय दिल्लीनं घेतला. चिंतामणराव मंत्रिमंडळातच होते. गप्प बसले असते तर खुर्ची सुरक्षित होती. त्यांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकारात राहून मोठा झालेला माणूस सरकारलाच सुनावून बाहेर पडला. चार वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र झाला. विन्यानं जाळलेली प्रमाणपत्रं आपण लक्षात ठेवतो. रोह्याच्या माणसानंही आपलं सर्वांत मोठं प्रमाणपत्र असंच टाकून दिलं होतं, हे मात्र विसरतो.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. आयुष्यभर पहिला नंबर काढलेला माणूस वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तिसऱ्या नंबरवर आला. पण काम थांबलं नाही. कालिदासाचं मेघदूत मराठी पद्यात आणणाऱ्या, बागेत रमणाऱ्या या माणसाला पदाबाहेरही जगता येत होतं. मेघदूत आणि बाग यांना कुणी मार्क देत नाही. अशा बिनमार्कांच्या गोष्टी जवळ असलेलं माणूस हरलं तरी मोडत नाही.

आणि विनोबा? ते सदा आनंदात आणि सदा सफल होते का? १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. सभेत विनोबांनी विचारलं, कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. तिथून भूदान सुरू झालं. तेरा वर्षं विनोबा देशभर पायी फिरले. त्यांचं लक्ष्य होतं पाच कोटी एकर. जमा झाली चाळीस लाखांहून थोडी जास्त, म्हणजे दहावा हिस्साही नाही. त्यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, काही वादातली, आणि पुष्कळशी तर कधी वाटलीच गेली नाही. आणीबाणीच्या काळात त्यांनी घेतलेल्या भूमिकेवर कडक टीकाही झाली. आपल्या गटाच्या श्रेणीनं मोजलं तर भूदान नापास. पण ज्या घराला दोन एकर खरंच मिळाले, त्या घराला विचारलं तर? त्या घरच्या बाईच्या ताटात पडलेला भात कुठल्या टक्केवारीत धरायचा?

विनोबांचं एक काम मात्र आकड्यानंही मोठं झालं. आईला गीता ऐकायची हौस, पण संस्कृत कळत नसे. मुलानं मराठी पुस्तक आणून दिलं, तेही अवघड वाटलं. ती म्हणाली, मग तूच का नाही लिहीत? तिला वाटत होतं की तिच्या विन्याला ते जमेल. १९१८ साली रुक्मिणीबाई वारल्या. मुलानं १९३०-३१ साली गीतेचं सोपं मराठी रूप लिहिलं, तीच 'गीताई'. तिच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. जिच्यासाठी लिहिली ती वाचायला नव्हती. असलं यश हातात घेताना कसं वाटत असेल, हे कुठल्याही आईच्या लेकीला सांगायला नको.

आता १९५१ सालाकडे या. स्वतंत्र भारताची पहिली पंचवार्षिक योजना ठरत होती. चिंतामणराव अर्थमंत्री होते आणि नियोजन आयोगाचे सदस्यही. म्हणजे देशाच्या संसाराचं दप्तर रोह्याच्या माणसाकडे. त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंनी योजनेवर बोलण्यासाठी विनोबांना दिल्लीला बोलावलं. विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी निघाले आणि दोन महिन्यांनी दिल्लीत पोचले. त्यांचं म्हणणं असं होतं की योजनेनं सगळ्या हातांना काम आणि गावाला अन्न दिलं पाहिजे, ते होत नसेल तर बाकीच्या आकड्यांचा उपयोग काय? देशाच्या एकाच हिशोबावर कुलाब्याचे दोन लेक दोन बाजूंनी बघत होते. एक विचारत होता, उत्पन्न वाढेल कसं आणि पैसा पोचेल कसा. दुसरा विचारत होता, पोचला का, आणि कुणापर्यंत.

आपल्याला वाटेल, दोघांपैकी खरा कोण? आम्हाला वाटतं की उत्तर जुन्या एका शब्दात आहे. शब्द आहे योगक्षेम. तो गीतेत आहे, म्हणून गीताईतही त्याचा अर्थ आला. आणि आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यातही तोच शब्द आहे, तुमच्या विम्याच्या कागदावर हातांमध्ये जपलेल्या ज्योतीखाली बघा. गंमत अशी की १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा अर्थमंत्री चिंतामणरावच होते. योग म्हणजे नसलेलं मिळवणं. क्षेम म्हणजे मिळालेलं नीट राखणं. पूर्वी आपल्या आज्या पत्रात लिहायच्या, इकडे सर्व क्षेम आहे, तुमचं क्षेम कळवावं. त्या 'यश कळवावं' असं लिहीत नसत. मिळवण्याची बातमी गावभर आपोआप पोचतेच. राखण्याची बातमी विचारावी लागते.

घरात राखायचं काम बहुतेक बायकांकडे असतं. भात पिकतो तो योग, तो उंदीर-घुशींपासून वाचवून पावसाळाभर पुरवायचा ते क्षेम. मुलगा प्रमाणपत्रं जाळत होता तेव्हा "ठेवली तर काय बिघडलं" म्हणणारी रुक्मिणीबाई क्षेमाच्या बाजूनं बोलत होती. तिला मोह नव्हता, फणस आधी शेजारी वाटणारी बाई ती. पण उद्याचा विचार तिच्या अंगात होता. विनोबांना महान म्हणताना त्या माउलीच्या शहाणपणालाही नमस्कार केला पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. त्यागाच्या गोष्टी ऐकवून बायकांना गप्प बसवण्याची चाल जुनी आहे. "समाधानी राहा, सुख मानण्यात असतं" हे पुरुषांपेक्षा बायकांना दहा वेळा जास्त सांगितलं जातं. विनोबांनी सोडलं, कारण त्यांच्या हातात सोडण्यासारखं होतं. चिंतामणरावांनी खुर्ची सोडली, कारण ते त्या खुर्चीवर बसले होते. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, हातात मोबाईल नाही, माहेरी हक्क मागितला तर वाद होतात, तिनं काय सोडायचं? निवडून सोडलं तर त्याग. मिळालंच नाही म्हणून गप्प राहिलं तर ती नुसती सवय, तिला समाधान म्हणू नये.

म्हणून चिंतामणरावांच्या घरातल्या दुसऱ्या व्यक्तीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी जानेवारी १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी लग्न केलं. दुर्गाबाई १९०९ साली आंध्रात राजमहेंद्रीला जन्मल्या. आठव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं होतं. जाणत्या झाल्यावर त्यांनी ते लग्न नाकारलं. लहान वयात मुलींना हिंदी शिकवायची शाळा काढली. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. सुटून आल्यावर पुन्हा पुस्तकं हाती घेतली आणि मॅट्रिकपासून एम.ए.पर्यंत शिकल्या, १९४२ साली वकिलीची पदवी घेतली. १९३७ साली त्यांनी आंध्र महिला सभा काढली, आणि सुरुवातीला तिथे मुलींना मॅट्रिकच्या परीक्षेला बसवायचं काम चाले. संविधान सभेत ज्या थोड्या बायका होत्या त्यांत दुर्गाबाई होत्या. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

बघा, प्रमाणपत्र विनोबांसाठी ओझं होतं, म्हणून जाळलं. दुर्गाबाईंसाठी तेच प्रमाणपत्र तुरुंगाबाहेरचा रस्ता होता, आणि त्यांनी दुसऱ्या मुलींसाठीही तो रस्ता केला. म्हणजे एकच वस्तू एकाला बेडी आणि दुसरीला किल्ली. यश वाईट की चांगलं, हे ते कुणाच्या हातात आहे आणि त्यानं काय उघडतं यावर ठरतं. आपल्या मुली दहावीनंतर घरी बसतात तेव्हा कुणी विनोबांचं उदाहरण दिलं, तर त्यांना दुर्गाबाईंची गोष्ट सांगा. १९७५ साली चिंतामणराव आणि दुर्गाबाई दोघांनाही एकाच वर्षी पद्मविभूषण मिळालं. नवरा-बायको दोघांचं काम समान तोलाचं मानलं गेलं, अशी घरं आजही थोडीच.

विनोबांनीही बायकांसाठी एक वेगळी जागा केली. १९५९ साली पवनारला त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथे स्त्रिया एकत्र राहतात, शेती करतात, अभ्यास करतात आणि निर्णय सर्वांच्या संमतीनं घेतात. बहुमतानं हात वर करून कुणाला हरवत नाहीत. आपल्या गटात कर्ज मंजूर करताना दोन जणींचं म्हणणं दाबून ठराव लिहिला जातो, तेव्हा ही रीत आठवावी.

आता या इतिहासाचा धागा आपल्या पासबुकापर्यंत कसा येतो ते ऐका. १९५१ साली रिझर्व्ह बँकेनं देशभर पाहणी सुरू केली की शेतकऱ्याला कर्ज मिळतं कुठून. १९५४ साली अहवाल आला. सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के, आणि सावकारांकडून सुमारे ७० टक्के. त्या अहवालाच्या सल्ल्यानं १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक झाली, ती गावाकडे जावी म्हणून. तेव्हाही अर्थमंत्री रोह्याचेच. रिझर्व्ह बँकेचं शेती-कर्जाचं काम पुढे नाबार्डकडे आलं. नाबार्डची स्थापना १२ जुलै १९८२ची. त्याच नाबार्डनं १९९२ साली देशातले पाचशे बचत गट बँकेला जोडून प्रयोग केला. तो प्रयोग टिकला, वाढला, आणि आज आपल्या गटाचं खातं, आपलं कर्ज त्याच वाटेनं येतं. ज्या साली नाबार्ड जन्मली त्याच १९८२ साली २ ऑक्टोबरला चिंतामणराव गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, पवनारला विनोबा गेले. चार महिन्यांच्या अंतरानं आले, सहा आठवड्यांच्या अंतरानं गेले. मॅगसेसे पुरस्कारही लागोपाठ, विनोबांना १९५८ साली आणि चिंतामणरावांना १९५९ साली. एक सामुदायिक नेतृत्वासाठी, एक सरकारी सेवेसाठी. जगानं दोघांनाही मोठं मानलं.

बाहेरच्या जगालाही हा प्रश्न पडला आहे. आपल्या शेजारचा छोटा भूतान देश. तिथले राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी म्हटलं की देशाच्या उत्पन्नापेक्षा देशाचं सुख मोजणं महत्त्वाचं. २००८ सालच्या त्यांच्या संविधानातही ते आलं. १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी मानव विकास निर्देशांक सुरू केला, त्यात उत्पन्नाबरोबर आयुष्यमान आणि शिक्षणही धरलं. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी तो घडवला, अमर्त्य सेन यांची त्यात मदत होती. म्हणजे नुसता पैसा मोजून भागत नाही, हे मोठमोठ्या हिशोबनीसांनाही पटलं. पण भूतानमधूनही तरुण मुलं कामासाठी परदेशी जातात. सुख मोजलं म्हणून पोट भरत नाही. योग सोडून क्षेम टिकत नाही, आणि क्षेम सोडून केलेला योग अंगाला लागत नाही.

हे आपल्या घरात कसं दिसतं? देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. कर्ज वेळेवर फेडणाऱ्या बायकाही त्यातच आहेत. गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, त्या कंपनीचा हप्ता भरायला तिसऱ्या कंपनीचं, आणि या सगळ्यात स्वतःचं दूध बंद, चष्मा पुढच्या वर्षी, पोटदुखी अंगावर काढलेली. दप्तरात ती बाई पहिल्या नंबरची असते. खरं पाहिलं तर तिचा योग चाललाय आणि क्षेम बुडालंय. शेवटी ती आजारी पडते तेव्हा घराचा योगही थांबतो.

म्हणून आमचं सगळ्या गटांना सांगणं आहे, पंचसूत्रीला हात न लावता एक फेरी वाढवा. तिला क्षेमफेरी म्हणा. बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं की या आठवड्यात जेवण, झोप, अंग आणि घर कसं आहे. सांगायचं नसेल तर "पुढे चला" म्हणायचं, कुणी खोदून विचारायचं नाही. जे बोललं जाईल ते इतिवृत्तात लिहायचं नाही, आणि विहिरीवर, दुकानावर न्यायचं नाही. ज्या गटात बोललेलं फुटतं त्या गटात पुढच्या वेळी सगळ्याच जणी "बरं आहे" म्हणतात.

दुसरं, कर्ज मंजूर करताना "कशासाठी हवंय" हे आपण विचारतोच. त्याबरोबर "हप्ता कुठल्या पैशातून येणार" हेही विचारा. बाहेरच्या किती कंपन्यांचे हप्ते चालू आहेत ते विचारा. ताईला कमी लेखायला नाही, तिला बुडण्याआधी धरायला. कधी कधी कर्ज नाकारणं किंवा हप्ता लांबवून देणं हीच मोठी मदत असते.

तिसरं, वर्षातून दोनदा सगळ्या जणींनी एकत्र उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. आशाताईंना आधी सांगून ठेवा. एकटी बाई गेली की घरचे विचारतात काय झालं. दहा जणी गेल्या की तो गटाचा कार्यक्रम होतो, कुणी अडवत नाही.

आणि चौथं, यश मिळालं तर लाजू नका. मिरगुंडाची ऑर्डर मुंबईहून आली, मुलगी नर्सिंगला लागली, कुणी सरपंच झाली, तर बैठकीत मोठ्यानं सांगा. आपल्याकडे बाईनं स्वतःचं यश सांगितलं की "शेफारली" म्हणतात. दुर्गाबाई शेफारल्या नव्हत्या, चिंतामणराव नव्हते. यश लपवून ठेवलं तर दुसरीला वाट कशी दिसणार? सांगून झालं की फणसाचे गरे वाटतात तसं त्यातलं थोडं शिकवून वाटा. कारखान्यात डोळ्यांची आखणी शिकलेलीनं दुसरीला शिकवली तर तिची मजुरी कमी होत नाही, गटात एक कसबी हात वाढतो.

पुढच्या बैठकीत एवढं एकच करून बघा. बचत मोजून झाली, सह्या झाल्या, दप्तर मिटलं की सगळ्यांत गप्प बसणाऱ्या मैत्रिणीकडे वळा आणि विचारा, "काय गं, क्षेम आहे ना?" आणि ती उत्तर देईपर्यंत कुणी उठू नका.